चार तासांवरची मुंबई

कानडी मुलखातल्या आमच्या चामराजपेटेवरून विमान घरघरत गेलं की आजही माझं माथं भडकतं. मुंबईला सवाष्ण ताई वारल्याची तार आली, तेव्हा आई कोरं हिरवं लुगडं घेऊन विमानाच्या कचेरीत धावली. सवाष्णीला शेवटचं लुगडं माहेरचंच नेसवतात. सासरचे संध्याकाळपर्यंतच थांबणार होते. आगगाडीला दोन रात्री लागत, विमानाला चार तास.

"उरलेली एकच जागा बड्या साहेबांची, अम्मा. स्वल्प सरका," कारकून म्हणाला.

"मी राहते अण्णा, लुगडं तरी न्या!"

"माणसाविना बोचकं नेत नाहीत."

साहेब आलेच नाहीत. त्यांची खुर्ची रिकामीच उडाली! मग अंतर कुणी वाढवलं, मैलांनी की माणसांनी?

आईनं बाकावर बसून लुगड्याची घडी मोडली आणि त्यात तोंड खुपसलं.