बठ्ठा लाल शे

माउसला हात लावण्याआधी अक्का उजव्या हाताचं बोट पदराला पुसायच्या. बोट स्वच्छच असायचं. तरी पुसायच्या, मग पडद्याकडे बघायच्या, मग मान वळवून माझ्याकडे, आणि हलक्या आवाजात म्हणायच्या, “माले भ्याव वाटस, भाऊ. तू एकदा देख ना.”

मी बघायचो. सगळं ठीक असायचं. मग अक्का श्वास रोखून बटण दाबायच्या. विहिरीत दगड टाकून माणूस आवाजाची वाट बघतो, तसा त्यांचा चेहरा व्हायचा.

तुमच्याही ओळखीत असं एखादं भित्रं माणूस असेल. आमच्या जळगावच्या कार्यालयात अक्का होत्या. आरोग्याचं जिल्हा कार्यालय. मी साथरोगाच्या टेबलावर, अक्का शेजारी आकडेवारीच्या. त्यांचं रोज पारोळ्याहून एसटीनं येणं-जाणं. बसमध्ये चालकामागची जागा मिळाली तर समोरचे ट्रक दिसतात म्हणून भीती, आणि मागची मिळाली तर काहीच दिसत नाही म्हणून भीती. साहेबांची बेल शिपायासाठी वाजली तरी अक्का खुर्चीतून उठून उभ्या राहायच्या. आम्ही म्हणायचो, “अक्का, बसा, तुम्हाला नाही बोलावलं.” त्या बसायच्या, पण अर्ध्याच खुर्चीवर.

दर महिन्याला आढावा बैठक व्हायची. प्रत्येक तालुका आपापल्या स्लाइड पाठवायचा आणि त्या सगळ्या जोडून एकच सादरीकरण तयार करायचं काम अक्कांचं. कुणाच्या स्लाइड गर्द निळ्या, कुणाच्या कोपऱ्यात गुलाबाची फुलं, कुणी मथळा एवढा मोठा केलेला की खाली मजकुराला जागाच नाही. अक्का एकेक स्लाइड उचलून नव्या फाइलीत ठेवायच्या आणि ठेवताना दर वेळी ब्रशचं चित्र असलेलं ते बारकं बटण शोधायच्या. ते दाबलं की स्लाइड मूळ रूपात येते. विसरलं, तर ती यजमान फाइलीचे रंग आणि अक्षरं घेते. जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेलं असेल तर फारच वाईट. ‘पाणी’ लिहिलेल्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि स्वल्पविराम उगवतात.

“एवढं कशाला जपता?” मी एकदा विचारलं होतं.

“पाव्हना उना म्हनीसन त्याले आपला सदरा घालतस का?” अक्का म्हणाल्या. आणि लगेच घाबरून, “वाईट नको वाटू दे हां, भाऊ.”

त्या पावसाळ्यात आमच्याकडे नवे साहेब आले होते. माणूस वाईट नव्हता. कामाला वाघ, बोलायला सरळ. पण त्या महिन्याच्या बैठकीला वरून मोठे अधिकारी येणार होते आणि साहेबही आतून धास्तावलेले होते. आदल्या दिवशी दुपारी त्यांनी अक्कांनी जोडलेल्या स्लाइड बघितल्या आणि कपाळाला हात लावला.

“अहो, ही काय गोधडी आहे? सगळं एका रंगात करा. शांत, सौम्य हिरवा. आरोग्याला शोभेल असा.”

“साहेब, पण मूळचे रंग…” अक्कांचा आवाज तिथेच बसला.

“संध्याकाळपर्यंत द्या,” साहेब म्हणाले. रागावून नव्हे, घाईनं.

अक्का टेबलावर परत आल्या. साहेबांनी सांगितलं तसंच केलं. सगळ्या स्लाइड एका हिरव्या साच्यात ओतल्या. जुन्या फॉन्टातला मजकूर मोडला, तो ओळ न् ओळ नव्यानं टाइप केला. मी मूळ प्रत समोर धरून वाचत होतो, त्या जुळवत होत्या. एकही वेलांटी सुटली नाही. तरी काम संपल्यावर त्या उठेनात.

“काहीतरी चुकनं शे, भाऊ. पन सापडत नही.”

“सगळं वाचलं की आपण.”

“वाचलं. पन मना जीव थाऱ्यावर नही.”

शेवटच्या बसची वेळ होत आली होती. त्या गेल्या. स्टँडवरून फोन आला, बसमधून आला, घरी पोचल्यावरही आला. प्रत्येक वेळी तेच. त्यांची भीती मला ठाऊक होती, पण त्या दिवशी ती फोनमधून माझ्या अंगावर येत होती. काय चुकलं असेल ते मलाही सापडत नव्हतं.

सकाळी सभागृहात पडदे ओढले, दिवे घालवले. पहिल्या रांगेत पाहुणे, मागे तालुक्यांचे डॉक्टर. अक्का लॅपटॉपजवळ उभ्या होत्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका तालुक्याचा डॉक्टर आला नव्हता. तिकडे नाल्यांना पाणी होतं, फोन लागत नव्हता. त्याच्या स्लाइड दोन दिवस आधीच आलेल्या, त्यामुळे कुणी फार मनावर घेतलं नाही. त्याची पाळी आली तेव्हा साहेबांनीच वाचायला घेतलं. पडद्यावर तालुक्याचा नकाशा आला. गावागावांवर ठिपके.

“इथं सगळं हिरवं दिसतंय. छान,” साहेब म्हणाले. “मग आपलं राखीव वैद्यकीय पथक खालच्या तालुक्यात पाठवू. पुढे घ्या.”

अक्कांनी पुढची स्लाइड घेतली. त्याच्या पुढचीही घेतली. मग त्यांचा हात थांबला. अंधारात मला त्यांचा चेहरा दिसत होता, पडद्याच्या उजेडानं हिरवट झालेला. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि मागचं बटण दाबलं. एकदा, परत एकदा. नकाशा पुन्हा आला.

“अक्का, पुढे घ्यायचंय,” साहेब म्हणाले.

अक्का हलल्या नाहीत.

“अक्का!”

पहिल्या रांगेतल्या माना वळल्या. अक्कांनी पडद्याकडे बोट केलं. “साहेब,” त्या म्हणाल्या, “हा हिरवा नाही.”

“काय?”

“हिरवा नही, साहेब. लाल शे. बठ्ठा लाल शे.”

बठ्ठा म्हणजे सगळा. सभागृहात अहिराणी न समजणारेही होते, पण त्या आवाजानं सगळ्यांना अर्थ कळला. अक्कांनी त्या डॉक्टरची मूळ फाइल उघडली. तोच नकाशा, तेच ठिपके. पायथ्याच्या पट्ट्यातले सगळे लालभडक. खाली लिहिलेलं होतं: लाल म्हणजे पाण्याचा नमुना दूषित, जुलाबाचे रुग्ण सापडले. नव्या साच्यात लाल आणि हिरवा हे एकाच हिरव्याच्या दोन छटा झाले होते. जवळून बघितलं तर फरक कळला असता. आम्ही आदल्या दिवशी अक्षरं बघत होतो.

साहेबांनी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. कुणीतरी दिवे लावले आणि त्या उजेडात सगळ्यांचे चेहरे एकदम पांढरे दिसले. मोठ्या अधिकाऱ्यांनी फक्त एवढं विचारलं, “पथक किती वेळात निघेल?”

मी पथकाबरोबर गेलो. गाडी शेवटच्या नाल्यात उतरली. पाणी चाकांच्या वर चढत होतं. पण मला भीती पाण्याची वाटत नव्हती, पलीकडे काय असेल त्याची वाटत होती.

पाड्यावरच्या शाळेच्या व्हरांड्यात माणसं आडवी होती. खिडकीच्या गजांना सलाइनच्या बाटल्या बांधलेल्या. तालुक्याचा डॉक्टर आणि एक सिस्टर, दोघंच. डॉक्टरची दाढी वाढलेली, डोळे तांबडे. आम्हाला बघून तो खाली बसला आणि म्हणाला, “नकाशा बघितलात ना? मला वाटलं, लाल बघितल्यावर काल निघाल तुम्ही.”

मी गाडीतून सलाइनची खोकी उतरवायला वळलो. एक बाप मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. मुलीची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहत होती. त्यांच्याकडची सलाइन संपत आली होती. आमच्या खोक्यातली पहिली बाटली तिला लागली. संध्याकाळी तिनं डोळे उघडले, पाणी मागितलं, आणि बापानं माझा हात असा धरला की बोटं दुखली.

पण एक म्हातारबाबा त्या पहाटे गेले होते.

अक्का कार्यालयात फोनजवळ बसून होत्या. रेंज मिळाल्याबरोबर मी फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “कोनी गयं का?”

मी खरं सांगितलं. “कवय?” त्यांनी विचारलं.

“पहाटे, अक्का. बैठक सुरू व्हायच्याही आधी. आपण उजाडताच निघालो असतो तरी…”

“आदल्या दिवशी निघालो असतो तर?”

पथक कुठे जाणार हे बैठकीतच ठरायचं होतं, आदल्या दिवशी कुणी निघालंच नसतं, असं मी नंतर त्यांना पुष्कळदा सांगितलं. ते खरंही होतं. त्या मान डोलवायच्या. आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी, चहा पिता पिता, मध्येच विचारायच्या, “पहाटेच ना, भाऊ? नक्की?”

साहेबांनी दुसऱ्या दिवशी त्यांना आत बोलावलं. अक्कांना वाटलं, आता निलंबन. त्यांनी टेबलावरची देवाची तसबीर पिशवीत टाकली, डबा टाकला, आणि आत गेल्या. मी दाराशीच उभा होतो. साहेब म्हणाले, “मी सांगितलं तेव्हाच मला का नाही अडवलंत?”

“भ्याव वाटला, साहेब.”

साहेबांनी त्यांना समोरची खुर्ची दाखवली. “मलाही वाटला होता,” ते म्हणाले. “पाहुण्यांपुढं वाईट दिसेल म्हणून.” मग म्हणाले, “यापुढे भीती वाटली की आधी माझ्याकडे या.”

साहेबांना या वाक्याचा अर्थ पुढच्या आठवड्यापासून कळू लागला. अक्का दाराशी उभ्या राहायच्या, “साहेब, भीती वाटतेय.” कधी आकड्याची, कधी आभाळाची, एकदा तर फाइलींच्या कपाटामागच्या पालीची. साहेब हातातलं काम ठेवून ऐकायचे. पालीच्या वेळीसुद्धा उठून आले. आणि स्लाइड पुन्हा ज्याच्या त्याच्या रंगात आल्या, गुलाबाच्या फुलांसकट.

काही वर्षांनी अक्का निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी बोलायला उभ्या राहिल्या, “मी काय सांगू,” एवढं म्हणाल्या आणि बसल्या. नंतर भावाकडे दोंडाईच्याला राहायला गेल्या. सुरुवातीला फोन यायचा, मग थांबला. मागच्या हिवाळ्यात त्या वारल्याचं कळलं, तेही दिवसकार्य होऊन गेल्यावर.

त्यानंतर काही दिवसांनी जळगावला प्रशिक्षणाला त्या पाड्यावरची सिस्टर भेटली. मी अक्कांची बातमी सांगितली. ती म्हणाली, “त्या आल्या होत्या की आमच्याकडे. तुम्हाला माहीत नाही?”

निवृत्तीनंतर लगेचच. दोन बस बदलून, पुढे जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, एकट्या. त्या म्हातारबाबांचं घर त्यांनी विचारलं. बाबांची म्हातारी दारात बसून चारोळ्या निवडत होती. तिची भाषा अक्कांना येत नव्हती, अक्कांची तिला. सिस्टर म्हणाली, “काय विचारायचंय ते सांगा अक्का, मी त्यांच्या बोलीत सांगते.” अक्कांनी म्हातारीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, “काही नाही. बसते जरा.”

मग त्याही खाली बसल्या आणि सुपातल्या चारोळ्या निवडू लागल्या. दुपार कलेपर्यंत दोघी निवडत होत्या. निघायच्या आधी म्हातारीनं आत जाऊन पितळेच्या तांब्यात पाणी आणलं. सिस्टर म्हणाली, “अक्कांच्या पिशवीत घरच्या उकळलेल्या पाण्याची बाटली होती, मला दिसत होती. मी म्हणणार होते, नका पिऊ.”

“मग?”

“त्यांनी उजव्या हाताचं बोट पदराला पुसलं, तांब्या दोन्ही हातांत घेतला. आणि सगळा प्यायल्या.”