मागे राहिलेली चप्पल

सासूबाईंची चप्पल रस्त्यात सुटली आणि त्या तशाच पुढे चालत राहिल्या, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते चारठाण्याच्या स्टँडवर. जिंतूरची गाडी लागली होती. सासरे नेहमीसारखे सगळ्यांत पुढे, काखेत छत्री, चाल अशी की शाळेची घंटा चुकणार आहे. त्यांच्या मागे सासूबाई, आणि त्यांच्या मागे पिशव्या घेऊन मी. आमच्याकडे नवराबायको असेच चालतात. बाई शेजारून चालली तर लोक काही म्हणत नाहीत, पण बघतात.

उजव्या पायातली चप्पल धुळीत पालथी पडली. सासूबाई एक पाय अनवाणी, गाडीच्या पायरीपर्यंत गेल्या. ऊन चांगलंच तापलं होतं, माझे तळवे चपलेतूनही भाजत होते. मी चप्पल उचलून त्यांच्या पायाशी ठेवली. त्यांनी आधी चपलेकडे पाहिलं, मग पायाकडे, मग माझ्याकडे.

"गप बस," म्हणाल्या. मी काही बोललेच नव्हते.

त्या दिवसापासून माझ्या डोक्याचा जो गोंधळ सुरू झाला तो आजही पुरता निस्तरलेला नाही. एक तर त्यांचा आधीपासूनचा आजारच मला धड कळला नव्हता. आधी पायांना मुंग्या, मग हातांना. आम्ही वात समजून तेल चोळलं, सुया टोचून घेतल्या. भाकरी थापताना बोटं ऐकेनात तेव्हा परभणी गाठली. तिथल्या दवाखान्यात महिन्यातून एकदा मोठ्या शहरातून नसांच्या डॉक्टर येतात. वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला शांत. त्यांनी हातापायांना बारीक करंट देऊन तपासलं आणि सांगितलं की रोगांपासून आपली राखण करणारी जी शक्ती असते, तीच यांच्या नसांवरचं वेष्टन खातेय.

म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं, एवढं मला कळलं. सासूबाईंनी विचारलं, "मंग म्या काय वाईट केलं तिचं?"

"तुम्ही काहीच नाही केलं, आजी."

"मंग ती असं कामून करायलीय?"

"ते अजून नीट कळलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून तर हे संशोधन चाललंय."

संशोधनात घेतल्यावर पहिले काही महिने सगळ्यांनाच खरं औषध मिळालं, सलाइनसारखं शिरेतून. बाईंचे हात परत आले. भाकऱ्या पुन्हा गोल व्हायला लागल्या. मग दुसरा टप्पा. आता काही जणांना औषध मिळणार, काही जणांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाला काय ते ना आम्हाला माहीत, ना डॉक्टरांना.

माझं टाळकंच सरकलं. बाईच्या शिरेत काय चाललंय ते बाईला माहीत नाही, सुई टोचणारीला माहीत नाही, हा कुठला न्याय? डॉक्टरांनी न चिडता समजावलं. काही लोक औषध थांबवल्यावरही चांगले राहतात, मग त्यांना जन्मभर टोचत का बसायचं? ते शोधायचं तर असंच करावं लागतं. आणि ताकद कमी झाली की लगेच या टप्प्यातून बाहेर काढून खरं औषध सुरू करणार. "फक्त लपवू नका," त्या म्हणाल्या. "उशीर झाला तर गेलेल्या नसा परत येतीलच असं नाही."

मी हे सगळं ऐकलं. सासऱ्यांनी 'बाहेर काढणार' एवढंच ऐकलं.

सासरे निवृत्त मास्तर. तालुक्यात कुणालाही विचारा, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मुलं बसवावीत तर त्यांनीच. उन्हाळ्यातही त्यांचे जादा तास चालत, आणि त्यांच्या हाताखालून पोरगं नापास झालं असं कधी घडलं नाही, निदान ते तरी तसं सांगतात. दवाखान्यात दर महिन्याला एक चाचणी असायची. भोकं पाडलेली एक पाटी, शेजारी वाटीत बारीक खुंट्या. एकेक उचलून भोकात बसवायची, मग काढायची, डॉक्टर वेळ मोजणार. सासऱ्यांनी ती पाटी दोनदा नीट न्याहाळली आणि गावात आल्या आल्या सुताराकडून तशीच करून घेतली.

तयारीशिवाय परीक्षा कसली? रोज सकाळी चहा झाला की ओट्यावर चटई, चटईवर पाटी, समोर सासूबाई, बाजूला मनगटावरचं घड्याळ सोडून हातात धरलेले मास्तर. "घाई करू नकोस. कडेच्या भोकापासून सुरू कर. वाटीच्या काठाशी आण आणि मग उचल." मी मशीनवर ब्लाऊज शिवत बसलेली असायची, आणि मला हसू यायचं. आमच्या मुलखात मूल चालायला लागण्याआधी त्याचा क्लास लागतो. आता नसांचाही लागला.

पण हसू टिकलं नाही. त्या चपलेनंतर मी बघायला लागले आणि मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. बाईंनी मला त्यांच्या ब्लाऊजचे हूक काढून टिचबटणं लावायला सांगितली. मग म्हणाल्या, टिचबटणं पण नको, सैल शिव, डोक्यावरून घालते. तव्याचा चटका बसला तर त्यांना फोड आल्यावर कळायचं. आणि पाटीवर मात्र दर आठवड्याला वेळ सुधारत होता. मला काही समजेना. हात चाललेत की जातायत? आणि औषध चाललंय की मिठाचं पाणी?

मग एके सकाळी ध्यानात आलं. बाई खुंटीवरची नजर हलवत नव्हत्या. बोटांना खुंटी लागत नव्हतीच, त्या डोळ्यांनी धरायला शिकल्या होत्या. मास्तरांचं शिकवणं वाया जात नाही म्हणतात ते असं.

नवऱ्याला पुण्याला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, बाबा सांगतायत टाइम कमी झालाय. लागू पडलंय औषध." मग मी सासूबाईंनाच गाठलं, शेंगा निवडत होत्या तेव्हा. म्हटलं, आई, डॉक्टरांना सांगायला पाहिजे. मामंजींना तरी सांगा.

त्यांनी सुपातल्या शेंगा चाळवल्या. मग म्हणाल्या, "साऱ्या गावाची पोरं शिकवली त्यांनी. मला कदी शेजारी बसवून एक अक्षर न्हाई शिकवलं. आता रोज बसायलेत. मी खुंटी बसवली की त्येंचं तोंड कसं होतं बगितलंस का? तेवडं बसू दे मला."

यावर सुनेनं काय करावं, हे मला कुठं कुणी शिकवलं होतं? मला राग आला, तिघांचाही आला आणि माझाही. वाटलं, हात जातायत बाईचे, आणि ही इथं कौतुक गोळा करत बसलीय. दुसऱ्या क्षणी वाटलं, जन्मात पहिल्यांदा मिळतंय, घेऊ दे. मी शेंगांचं सूप उचललं आणि आत गेले.

पुढच्या महिन्यात परभणीला गेलो. स्टँडपासून दवाखान्यापर्यंत चप्पल दोनदा राहिली, दोनदा मी उचलली. सासऱ्यांची छत्री पुढे चाललेली. खोलीत पाटी आली, वाटी आली, आणि बाईंनी अशी काही पाटी भरली की डॉक्टर म्हणाल्या, "अरे वा, आजी." सासऱ्यांची मान ताठ झाली.

"घरी काही त्रास? चालताना, कामं करताना?"

"काही नाही," सासरे म्हणाले. "उत्तम आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चप्पल..." सासऱ्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि मी पिशवीचा बंद नीट करायला लागले. सासऱ्यांचा शब्द खोटा पाडून परक्या माणसासमोर बोलायचं मला आजवर जमलेलं नाही. तेव्हाही जमेना.

"तिला कशाला बोलायला लावता," सासूबाई म्हणाल्या. मग सासऱ्यांकडे वळल्या. "आवो, मला नापास व्हायचंय."

कुणालाच काही कळेना. बाईंनी डोळे मिटले, हात पुढे केला आणि म्हणाल्या, "डॉक्टरबाई, आता द्या खुंटी."

डॉक्टरांनी एक खुंटी त्यांच्या चिमटीत ठेवली. ती लगेच निसटली, फरशीवर टणकन वाजली, घरंगळत खाटेखाली गेली. बाईंनी चिमूट तशीच धरून ठेवली होती. हवेतच हात पाटीकडे नेला आणि भोक चाचपू लागल्या. "बसली का?" त्यांनी विचारलं.

सासरे उभे राहिले. "पण मी रोज बघतो," ते म्हणाले. "रोज शेजारी बसून बघतो."

"तुमी घड्याळ बगायचे," बाई म्हणाल्या. डोळे अजून मिटलेलेच होते. "मला लय भ्याव वाटायलंय, आवो."

मग डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या, ओट्यावर ज्यांची तयारी करता येत नाही अशा. आम्हाला रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, आजी या टप्प्यातून बाहेर, आजच दाखल करू, खरं औषध सुरू. हात किती परत येतील ते आत्ता नाही सांगता येणार. इतके दिवस बाटलीत काय होतं, हे मी विचारलं. तेही त्यांना माहीत नव्हतं.

औषध घेऊन सुटी मिळाली त्या दिवशी आम्ही फाटकापाशी आलो. सवयीनं सासूबाई थांबल्या, सासरे पुढे जायची वाट बघत. मी पिशव्या सावरल्या. सासरे हलेनात. त्यांनी छत्री काखेतून काढून हातात घेतली, सासूबाईंच्या पायांकडे पाहिलं आणि बाजूला सरले.

"तू पुढं चाल," म्हणाले.

बाई चार पावलं गेल्या आणि थांबल्या. वळून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. या रस्त्यानं त्या कितीदा आल्या असतील, पण रस्ता बघायची त्यांना कधी वेळच आली नव्हती, पुढे एक पाठ असायची.

"कुठून जायाचं?" त्यांनी विचारलं.

सासरे मागे वाकून त्यांची चप्पल उचलत होते.