बेबाबाईंनी अडवलेलं इंजेक्शन

बेबाबाईंनी जळगावला आयसीयूत डॉक्टरच्या कानाखाली वाजवली, ही बातमी सावद्यात एसटीच्याही आधी पोचली. संध्याकाळपर्यंत एकीच्या दोन झाल्या. खरं एवढंच, की बाईंनी नर्सचा सुई धरलेला हात धरला होता. आमच्या गल्लीला तेवढ्यावर भागत नाही, त्याला कोण काय करणार!

बेबाबाई केळी पिकवायच्या चेंबरवर कामाला. गॅस कधी सोडला, मग किती वेळाने रंग फिरला, सगळं खोक्याच्या पुठ्ठ्यावर टिपायचं, ही तिथली रीत. बाईंच्या ती अंगात मुरलेली.

नवरा तोतारामभाऊ न्यूमोनियाने सहा दिवस व्हेंटिलेटरवर. घशातली नळी निघाली, चुळबुळ करू लागले, म्हणून पहाटे शांत करायला इंजेक्शन दिलं. तर भाऊ उठूनच बसले! सलाईनकडे बघून ओरडले, "केळीच्या ठिबकची नळी चोक झाली, उपटा रे!" आणि उपटलीच. समजूत घालायला बाईंना आत बसवलं.

दुपारी डॉक्टर अतिक म्हणाले, "मावशी, असंच चाललं तर हात बांधून पुन्हा नळी घालावी लागेल. इथं सही करा."

बाईंनी पेन घेतलं नाही. एकदा नळीतून परत आलेला माणूस दुसऱ्यांदा येईल कशावरून? तेवढ्यात ज्योत्स्ना सिस्टर सुई घेऊन आली, आणि बाईंनी तिचा हात धरला.

"थांब पोरी. डॉक्टरसाहेब, आधी हे वाचा."

औषधाच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा होता, वर बाईंचं अक्षर. दहाला सुई, सव्वादहाला धिंगाणा. बाराला शांत, मला ओळखलं. एकला चुळबुळ, सुई. सव्वाला पुन्हा धिंगाणा.

"सुई टोचली का बिघडते हा माणूस. उतरली का ठीक."

डॉक्टरांनी पुठ्ठा दोनदा वाचला. माणूस चांगला, मान्य केलं. "काही जणांवर हे औषध उलटं चालतं, मावशी. बंद करू." सहीचा कागद घडी होऊन खिशात गेला आणि फाईलवर लाल शाईने 'देऊ नये' म्हणून औषधाचं नाव चढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी बायकोला ओळखलं, चहा मागितला, मग मेव्हण्याला नावं ठेवायला जे बसले ते थांबेचनात.

ज्योत्स्ना सिस्टर हसली, "मावशी, कान किटले आमचे. तुम्हाला कंटाळा नाही येत?"

बेबाबाई म्हणाल्या, "सहा दिवस मुका होता तो. आता बोलू दे त्याले, मी आयकते."