एनिडबाईंचा बॉयलर

इंग्लंडमधल्या बॅटली गावातल्या आमच्या शेजारीण एनिडबाईंनी चाळीस वर्षं लोकरीच्या गिरणीत कापड रफू केलं. कुठलीही वस्तू टाकून देणं त्यांच्या लेखी पापच. घर तापवणारा जुना गॅसचा बॉयलर त्यांचा नवरा विल्फ स्वतःच खटपट करून चालू ठेवायचा. गेल्या जानेवारीत बॉयलरशेजारच्या खुर्चीतच तो झोपेत वारला.

यंदा भिंतीवर काजळी दिसली, तेव्हा मीच भांडून गॅस दुरुस्तीवाल्याला बोलावलं. नाहीतर या बाई कसल्या ऐकतात!

"नवा बसवायला सांगू नकोस हं," त्यांनी दारातच त्याला बजावलं. "हाच दुरुस्त कर. बघ, ज्योत कशी छान पिवळी आहे!"

त्याने झाकण काढलं, ज्योत पाहिली आणि लगेच गॅस बंद केला. मग त्या कडाक्याच्या थंडीत सगळ्या खिडक्या सताड उघडल्या.

"ज्योत निळी हवी, बाई. पिवळी असली की विषारी वायू सुटतो, त्याला वाससुद्धा नसतो. डोकं दुखतं का तुमचं?"

"रोज. गुरुवारी बहिणीकडे गेले की थांबतं. मला वाटलं, विल्फ नाही म्हणून घर खायला उठतंय."

"आता नवाच बसवायचा," मी म्हणालो.

एनिडबाईंना ते ऐकूच गेलं नाही. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या.

"विल्फचंही डोकं दुखायचं," त्या म्हणाल्या. "मीच म्हणायचे, बॉयलरजवळ ऊब आहे, तिथे जाऊन पड जरा."