आधी पाया पड, मग हात धू

फोन आला तेव्हा मी अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसले होते. शशिकलाच्या भाच्याचा नागपूरहून फोन होता. "मावशी, आत्या गेली," एवढंच तो म्हणाला आणि पुढे त्याला बोलता येईना. शेवटी मीच त्याला म्हटलं, "पानी पी बापा, मंग बोल." छातीत जड वाटतं म्हणून तपासायला गेलेली बाई, सकाळी चहा घेता घेता खुर्चीतच तिने मान टाकली... मी फोन ठेवला आणि उरलेली डाळ निवडून पूर्ण केली. हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघतात. बघोत बापडे. त्या क्षणी दुसरं काय करायचं असतं, हे मला खरंच सुचलं नाही.

शशिकला बालाघाटच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवायची. मी प्राथमिक शाळेतली मास्तरीण, आता निवृत्त. ती मूळची हट्ट्याकडची. माझ्या घरात समोरच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहायला आली, तेव्हा आम्ही दोघीही चाळिशीच्या आत होतो. लग्न तिने केलं नव्हतं आणि माझं टिकलं नव्हतं. क्वार्टर मिळेपर्यंतच राहीन, असं तिने आल्या आल्या बजावलं होतं. पुढे क्वार्टर मिळालं. ती ते बघून आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "तिथं नळाले पानीच नाही येत." नळाला पाणी येत होतं, मला चांगलं ठाऊक होतं. मी भाजीत आणखी एक बटाटा चिरून टाकला. तिला एक विचित्र सवय होती. कुठलीही गोष्ट करण्याआधी ती सांगायची. रोग्याला हात लावण्यापूर्वी आपण काय करणार ते त्याला सांगावं, असा त्यांच्यात नियम असतो. तो नियम तिने घरातही चालवला होता. "निमा, पंखा बंद करतो बरं." "निमा, दार लावून घेतो." मी वैतागून म्हणायची, "अवं, मी काय ऑपरेशनले पडली हावो काय?" ती हसायची आणि पुढच्या वेळी पुन्हा सांगायची.

उन्हाळ्याच्या शेवटी बारावीचे निकाल लागले की आमच्या पडवीत चपलांचा ढीग पडायचा. बिरशाकडून, लामत्याहून, वारासिवनीच्या बाजूने मुली आणि त्यांचे बाप नर्सिंगची चौकशी करायला यायचे. काही मराठी बोलायचे, काही हिंदी, बहुतेक दोन्हीची खिचडी. शशिकला प्रत्येकाला तेच सांगायची आणि प्रत्येकाला नव्याने सांगत असल्यासारखं सांगायची. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं, इंग्रजी सुटलेलं हवं, वयाची सतरा वर्षं पूर्ण हवीत, प्रवेश परीक्षा द्यावी लागेल, तब्येतीचा दाखला लागेल. मुलगी आर्ट्सवाली असली तर ती गोडगोड बोलत नसे. "ही डिग्री नाही भेटनार. डिप्लोमा होऊ शकते, तो सांगतो," म्हणून सरळ दुसरा रस्ता दाखवायची. बापांना खरा झटका बसायचा तो हजेरीचा. वर्गातली थोडी हजेरी बुडली तर चालतं, पण वॉर्डमधली शंभर टक्के भरल्याशिवाय डिग्री हातात पडत नाही. "म्हंजे मामाच्या पोरीचं लगन असलं तरी नाही?" एकाने विचारलं होतं. "लग्नाले जा, वापस येऊन तेवढे घंटे भरून दे." "अन् घरात कोनी मेलं तं?" "तरी जा. वापस येऊन घंटे भर." तो माणूस पडवीतून उतरताना मला हळूच म्हणाला, "मॅडम लयच कडक हाये बाप्पा." मी म्हटलं, आम्ही घरात रोज भोगतो.

कडक होतीच ती. त्यांच्यात लेखी आणि प्रॅक्टिकल वेगवेगळं पास व्हावं लागतं. लेखीत कितीही मार्क पडले, तरी रोग्याच्या पलंगापाशी चुकलात की चुकलात, आणि मागचे सगळे विषय सुटल्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. म्हणून दर रविवारी कच्च्या मुली आमच्याकडे सरावाला यायच्या आणि रोगी व्हायचे मी. किती जणींनी माझा बीपी बघितला, किती जणींनी मला पलंगावरून न उठवता खालची चादर बदलली, याचा हिशेब नाही. माझ्या नडगीवर शशिकला माझ्याच लाल पेनाने जखम काढायची आणि मुली ती धुऊन पट्टी बांधायच्या. मी पडल्या पडल्या नाटकं करायची. कधी बहिरी व्हायची, कधी भांडकुदळ सासू. "अगं आई गं, मेली गं," असं ओरडले की नव्या मुलींच्या हातातला चिमटा खाली पडायचा आणि शशिकला खिडकीजवळच्या खुर्चीतून म्हणायची, "पडला ना? आता नवीन घे. भुईवरचा उचलाचा नाही." आयुष्यात मला इतकं कोणी हाताळलं नव्हतं, आणि इतकं जपूनही नाही.

त्या मुलींत लामत्याची दुर्गा होती. अभ्यासात हुशार, हात सफाईदार, बोलायला जरा भित्री. मागच्या प्रॅक्टिकलला तिच्या वाट्याला सरकारी दवाखान्यातली एक म्हातारी आली. पोटाचं ऑपरेशन झालेली, टाक्यांची पट्टी बदलायची होती. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई उभ्या, शेजारी कॉलेजकडून परीक्षक म्हणून आमची शशिकला. दुर्गाने हात धुतले, ट्रे उघडला, निर्जंतुक हातमोजे घातले, सगळं पुस्तकात असतं तसं. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती वळली आणि म्हणाली, "अवं, दुर्गी व्हय का तू?" दुर्गाच्या घरामागेच राहणारी मोठी माय ती! आमच्याकडे मोठं माणूस समोर आलं की कंबर आपोआप वाकते, त्याला विचार करावा लागत नाही. दुर्गा वाकली आणि त्या हातमोज्यांनीच म्हातारीच्या दोन्ही पायांना हात लावून तिने ते कपाळाला टेकवले. म्हातारीने तोंडभर आशीर्वाद दिला. परीक्षक बाईंनी पेनाचं टोपण काढलं. त्यानंतर दुर्गा इतकी घाबरली, की नवे मोजे घालायचंही तिला सुचलं नाही. तशीच ती टाक्यांकडे वळली आणि शशिकलाने तिचं मनगट धरून तिला थांबवलं.

नापास करणाऱ्या दोन सह्यांत एक सही शशिकलाची होती. दुर्गा आमच्या पडवीत येऊन रडली, "मॅडम, तुमी पन?" शशिकला म्हणाली, "हौ. मी आधी केली सही." त्या दिवशी मी तिच्याशी भांडले. पोरगी पाया पडली, चोरी तर नाही ना केली तिने, असं बरंच काही बोलले. दुर्गाच्या बापाने साफ सांगितलं होतं, पुढच्या खेपेला सुटली नाही तर शिक्षण बंद, घरी ये. चार वर्षं घासलेली मुलगी एका नमस्कारापायी घरी बसणार, हे मला सहनच होत नव्हतं, आणि आजही मी माझ्या बोलण्यातला एक शब्द मागे घेणार नाही. शशिकलाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या म्हातारीच्या टाक्यांत पू झाला असता तं तिनं कोनाले आशीर्वाद देला असता, निमा?" त्यावर मी तिला भातही वाढला नाही. तिने आपल्या हाताने वाढून घेतला. "भात घेतो बरं," असं सांगून.

दुसऱ्या रविवारी तिने दुर्गाला बोलावलं. दुर्गा दारातून आत आली ती मान खाली घालूनच. शशिकला म्हणाली, "इकडं ये. आधी पाया पड." दुर्गा पडली. मग माझ्याही पडली. "झालं? आता जा, हात धू. पेशंट कोनी बी असो, आधी पाया पड, मंग हात धू. एकदा हात धुतले की तुही माय आली तरी तिच्या अंगाले हात लावाचा नाही. ते हात तुहे नाही राह्यत, त्या जखमेचे होतात." मी पलंगावर पडून छताकडे बघत होते. मनात म्हटलं, ही बाई वर्गात काय शिकवत असेल ते असो, पण इथे शिकवते ते ऐकण्यासारखं आहे. तोंडावर मात्र म्हटलं नाही. आमचं भांडण अजून मिटायचं होतं.

ते मिटलं बसस्टँडवर. नागपूरच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती आणि मी खाली उभी होते. पुढची प्रॅक्टिकल जवळ आली होती. "दुर्गीचा रविवार चुकवू नको," ती म्हणाली. मी म्हटलं, मला त्यातलं काय कळतं? "तुले काय कराचं हाये? तू फकत पडून राह्य. तेवढं तुले मस्त जमते." मी हसले. गाडी सुटताना तिने नेहमीप्रमाणे सांगितलं, "जातो बरं, निमा."

हट्ट्याला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, तिथे मी गेले. मांडवात बुद्धाच्या मूर्तीशेजारी तिचा फोटो होता. नोकरीला लागतानाचा असावा, मला तो ओळखू येईना. नातेवाईक पुढे, मी मागच्या बाजूला. शेजारच्या बाईने विचारलं, "तुमी कोन हो तिच्या?" मी उत्तर शोधत होते तेवढ्यात भाचा आदबीने म्हणाला, "आत्याच्या घरमालकीन हायेत." खोटं काय होतं त्यात? पोरगा चांगला आहे, त्याने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पण परतीच्या वाटेवर मला फार एकटं वाटलं. नवरा गेला तर विधवा म्हणतात, आई गेली तर पोरकी. भाडेकरू गेली तर लोक विचारतात, खोली कधी रिकामी करून देताय?... तसं दोघांनी विचारलंही. मी त्यांना जे सांगितलं ते वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापता येणार नाही.

आता पंखा मी कोणाला न सांगता बंद करते. दार लावून घेते. दिवस दिवस घरात माणसाचा आवाज होत नाही, आणि टीव्ही लावला तर तो जास्तच अंगावर येतो. भाजीवालीशी मी गरज नसताना घासाघीस करते, तेवढंच बोलणं होतं. कोणाचा हात अंगाला लागून कितीतरी दिवस होतात. हे या वयात लिहायला संकोच वाटतो, पण खरं आहे ते खरं आहे. रविवारच्या मुली यायच्या थांबल्या. मॅडमच नाहीत, तर त्या तरी कशाला येतील? मीही कोणाला बोलावलं नाही.

मागच्या रविवारी सकाळी दाराशी चपला वाजल्या. दुर्गा होती. प्रॅक्टिकल पुढच्या आठवड्यात आहे, म्हणाली. तिने दारातच माझे पाय धरले, मग मागच्या नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. तोवर मी पलंगावर पाय लांब करून लाल पेनाने नडगीवर जखम काढली. वाकडीच आली. तिने ट्रे मांडला, हातमोजे घातले आणि पलंगाशी उभी राहून म्हणाली, "मावशी, मी आता तुमची पट्टी बदलतो. दुखलं तं सांगजा." मी मान हलवली. ती खाली बघून काम करत होती. मोज्यातलं बोट नडगीला हलकेच टेकलं, आणि शिकवल्याप्रमाणे तिने विचारलं, "दुखते का?"

एरवी मी "मेली गं" म्हणून ओरडले असते. त्या दिवशी तोंडातून निघालं, "हौ. लय दुखते."

तिने वर बघितलं. माझ्याकडे बघितलं, मग खिडकीजवळच्या खुर्चीकडे. तिच्या डोळ्यांना धार लागली. थेंब जखमेत पडू नयेत म्हणून तिने झटकन मान बाजूला वळवली, पण हात जागचे हलले नाहीत. छातीसमोर दोन्ही हात तसेच उचललेले, ना डोळे पुसले, ना नाक, ना मला कवटाळलं. नुसती उभी राहून रडत होती. मी उठून बसले आणि पदराने तिचं तोंड पुसलं, डोळे पुसले, नाकही पुसलं.

"हात खाली नको करू बरं," मी म्हटलं.

"नाही करत," ती हुंदका गिळत म्हणाली. "पडून राह्या, मावशी. पट्टी बाकी हाये."