सेकंदरावांच्या प्रवाळाची सदतीस तोंडं

सेकंदराव घड्याळं दुरुस्त करायचे. कपाटाएवढं दुकान, डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि जिभेवर कायम दुसऱ्याचा उशीर. ठरत आलेलं लग्न त्यांनी मोडलं, का, तर मुलीचा बाप बोलणी करायला चाळीस मिनिटं उशिरा आला. 'पोरगी वाचली,' असं त्यांची ताई अजून म्हणते. ही थोरली बहीण त्यांच्याच घरी राहायची. तीस वर्षं तिनं पाळणाघर चालवलेलं.

पुढे लोक वेळ फोनात बघायला लागले, दुकानात माशा मारायची पाळी आली. मग सेकंदरावांनी घरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. दोन मासे सोडले, एक कोळंबी सोडली आणि एके दिवशी मुठीएवढं नारिंगी प्रवाळ घेऊन आले. शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्यानं बजावून सांगितलं होतं, "काका, बाकीची प्रवाळं उजेडावर पोट भरतात. ह्याला ते जमत नाही. ह्याचं एकेक तोंड हातानं भरवावं लागतं. ही बघा, सदतीस तोंडं आहेत."

"भरवायचं किती वाजता?"

"ते उघडेल तेव्हा."

सेकंदरावांना हे उत्तरच वाटलं नाही. त्यांनी स्वतःच संध्याकाळचे सात ठरवले.

झालं. रोज सातच्या ठोक्याला साहेब टाकीपुढे हजर. ड्रॉपरमध्ये बारीक चिरलेली कोळंबी. प्रवाळ मिटलेलं, गाठोड्यासारखं. हे आपले एकेका बंद तोंडावर घास ठेवत जायचे. घास घरंगळायचा, पंपाच्या धारेत गिरक्या घ्यायचा आणि माशांच्या पोटात जायचा. सात वाजून दहा मिनिटांनी ड्रॉपर धुऊन जागेवर. मासे नगरसेवकासारखे सुटले. प्रवाळाचं मांस मात्र तोंडातोंडांमधून मागे सरकू लागलं, खालचं पांढरं हाड दिसू लागलं.

"तू त्याला जेवायला घालतोस की त्याची हजेरी घेतोस?" ताईनं विचारलं.

"सवय लागेल. शिस्त लागायला वेळ लागतो."

"मेल्यावर कसली शिस्त?"

मासेवाल्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, अजून दोन आठवडे हे असंच चाललं तर नुसता दगड उरेल. सेकंदरावांचा चेहरा पडला. हातात आलेली वस्तू आपण कधी बिघडवली नाही, हे ते अख्ख्या गल्लीला ऐकवत आले होते. आणि आता एक जिवंत वस्तू त्यांच्याच वेळापत्रकात उपाशी मरत होती. शहाण्या माणसानं वेळ बदलून पाहिली असती. ह्यांनी काय केलं? भिंतीवरच्या घड्याळाचे सेल बदलले.

त्या आठवड्यातली गोष्ट. सातची हजेरी उरकून सेकंदराव पेपर वाचत बसले होते. वाटीच्या तळाशी कोळंबीचं पाणी उरलं होतं. ताईनं ते टाकीत ओतलं, वर पंप बंद केला.

"काय करतेस?"

"वास देतेय. माझ्याकडे एक पोरगी होती, ताट पुढे केलं की ओठ घट्ट. स्वयंपाकघरातून वास आला की आपणहून यायची."

"असं काही नसतं."

पाऊण तासानं ताईनं हाक मारली. गाठोड्यातून पिवळेधमक हात बाहेर आले होते, फुलाच्या पाकळ्यांसारखे. सदतीसपैकी वीसएक तोंडं उघडी. सेकंदरावांनी आधी प्रवाळाकडे पाहिलं, मग भिंतीकडे. आठला पाच कमी.

"वेळ होऊन गेली," ते म्हणाले. खरंच म्हणाले हो!

"मग सांग त्यांना, मिटा म्हणावं."

सेकंदरावांची बोटं मनगटावरच्या घड्याळावर गेली, तिथून सुटली आणि ड्रॉपरकडे वळली. ताईनं नव्यानं चिरलेल्या कोळंबीतला पहिला घास ठेवला. पिवळे हात हळूच त्याच्यावर मिटले. दुसरा ठेवला तर टाकीतली चोरटी कोळंबी तो तोंडातूनच ओढायला आली. ताईनं बाटलीचा वरचा भाग कापून दिला, तो प्रवाळावर टोपीसारखा ठेवला, वरच्या भोकातून भरवणं सुरू. वीस तोंडांना सव्वा तास लागला. सेकंदरावांची पाठ मोडली. भिंतीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उठले असते.

पुढे दिवसाआड हेच. आधी वास, मग वाट बघणं, ते उघडेल तेव्हा जेवण. कधी साडेसात, कधी नऊ. दुकानही त्याप्रमाणे लवकर बंद व्हायचं, आणि उशिरा आलेलं गिऱ्हाईक बंद दाराला शिव्या घालून जायचं. तीन महिन्यांत पांढरं हाड झाकलं गेलं आणि कडेला टाचणीच्या डोक्याएवढं नवं तोंड फुटलं.

सेकंदराव ते दाखवायला मासेवाल्याला घरी घेऊन आले. छाती फुगवून म्हणाले, "आधी फार बेशिस्त होतं. मी वळण लावलं."

मासेवाल्यानं ताईकडे पाहिलं. ताई कोळंबी चिरत होती. तिनं मान वर केली नाही. "त्याला बोलू द्या," ती म्हणाली. "प्रवाळ उघडायला अजून वेळ आहे."