आबा मिस्त्रींचा स्क्रूवरचा राग

आबा मिस्त्री गिऱ्हाइकाला बोलू देत नसत. कोणी गाडी ढकलत आणून "मिस्त्रीनू, हिका काय झाला म्हायत आसा..." अशी सुरुवात केली, की ते हातातला पाना वर धरत. मारत नसत, नुसता धरत. "तुका म्हायत आसा तर हंय कित्याक इलंस? गप रव. तिका बोलांदे." मग गाडी स्टँडवर चालू ठेवायची आणि हे महाशय टाकीवर हात ठेवून, डोळे मिटून तिचं ऐकत उभे. माणसाचं इतकं मन लावून त्यांनी कधी ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

मालवणहून कुडाळला जाताना एका वळणावर त्यांची शेड होती. चिऱ्याच्या तीन भिंती आणि वर पत्रा. नव्या गाड्यांना ते हात लावत नसत, आणि जुन्या गाड्यांच्या मालकांवर कायम भडकलेले असत. सगळ्यात मोठा राग कार्बोरेटरच्या बाजूला असणाऱ्या एका बारक्या स्क्रूवर. जुनी गाडी उभी केली की मंद चालेना, धापा टाकून बंद पडायला लागली, की लोक हा स्क्रू अर्धा फेरा आवळतात. गाडी मोठ्याने गुरगुरत राहते, बंद पडत नाही, सगळे खूश. आजार जिथल्या तिथे. "तापान फणफणलेल्या माणसाक धावडवतत," आबा म्हणत, "आणि सांगतत, बघा, बरो झालो!"

चतुर्थीच्या आधी तर त्यांच्या तोंडाला लागायची सोय नसे. आम्ही मुंबईचे चाकरमानी गाड्या ताडपत्रीखाली घालून जातो, टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल तसंच ठेवून. महिनोन् महिने ते आत सुकून चिकट होतं. गणपतीच्या डोक्यावर फळं-फुलं बांधायची लाकडी माटवी जशी वर्षाने काढतो, तशा आम्ही त्या गाड्या काढतो आणि उद्याच्या उद्या धावल्या पाहिजेत म्हणून मिस्त्रींच्या दारात रांग लावतो. "गाडी म्हणजे काय माटवी? माळ्यावरसून काढली आणि टांगली?" हे मी दर वर्षी ऐकलं आहे, आणि दर वर्षी मला ते लागलं आहे, कारण खरं होतं.

वडील गेल्यानंतरच्या पहिल्या चतुर्थीला मी त्यांची मोटारसायकल घेऊन गेलो. मधेच आपोआप भरभर चाले, मधेच मरे. अर्थात मी स्क्रू वाढवला होता. आबांनी पहिल्यांदा तो मागे फिरवला. गाडी बंद पडली. "आता खरा बोलली," ते म्हणाले. वायरीतल्या तांब्याच्या एका तारेने त्यांनी कार्बोरेटरचा जेट, पेट्रोल सोडणारी ती बारीक नळी, साफ केला, तरी फरक नाही. मग नारळाच्या करटीत साबणाचं पाणी घेऊन कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या रबरावर थेंब थेंब सोडलं. एका जागी पाणी पडलं आणि आवाज एकदम जाग्यावर आला. "हंयसून वारो पिता ती." केसाएवढी चीर होती. वाटेल तिथून वारा आत घ्यायची सवय गाडीला लागली, की पेट्रोल-वाऱ्याचा हिशेब चुकतो, हे मला तेव्हा कळलं.

ते रबर कोल्हापूरहून यायचं होतं. मी म्हटलं, चार दिवसांसाठी स्क्रू वाढवून द्या, पाहुण्यांकडे आरत्यांना जायचं आहे. आबांनी तो स्क्रू काढला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. "तुझ्या बापाशीची गाडी मी खोटी बोलूक देवचंय नाय." मी संतापलो. सगळी चतुर्थी रिक्षातून फिरलो, आणि जिथे आरतीला गेलो तिथे मिस्त्रीच्या नावाने बोटं मोडली. विसर्जनानंतर रबर आलं, खिशातला स्क्रूही परत बसला. मी गाडी घरापुढच्या खळ्यात आणून उभी केली, तशी आवाज ऐकून आई चुलीपासून उठून आली. "तेंचीच गाडी," म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून परत आत गेली. माझा राग त्या दिवशीही पुरता गेला नव्हता, पण बोलायला तोंड राहिलं नाही.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा शेडला कुलूप होतं. आबा घरी, अंथरुणाला खिळलेले. भेटायला निघालो तर गाडी पुन्हा मंद चालेना. त्यांच्यासमोर बंद पडायला नको म्हणून मी, इतकं सगळं ऐकलेला माणूस, स्क्रू वाढवला. फाटकात त्यांचा मुलगा दिगंबर भेटला. डॉक्टरांनी आता उपाय नाही म्हणून घरी पाठवलं होतं, थोडे दिवस उरले होते. "पण तेंका सांगूक नाय. तुमी पण बरे दिसतास म्हणा. सगळे तसाच म्हणतत." मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही चीड येते.

आबा पडवीत खाटेवर होते, हातापायांच्या काड्या झालेल्या. गाडी खळ्यात चालूच ठेवून मी म्हटलं, "मिस्त्रीनू, बरे दिसतास हां." त्यांनी डोळे मिटले आणि हात वर धरला. त्यात पाना नव्हता.

"स्क्रू वाढयलंस."

मग म्हणाले, "जा. मागे घे." मी मागे घेतला. गाडीने दोन धापा टाकल्या आणि बंद पडली. खळ्यात इतकं शांत झालं की आतल्या खोलीतला पंखा ऐकू आला.

"हे सगळे माझो पण स्क्रू वाढयतत," आबा म्हणाले. "येता तो बरे दिसतास म्हणता. जल्मभर मी लोकांक शिव्या घातलंय त्या कित्याक? आता तू सांग. डाक्टरान काय सांगल्यान?"

त्यांच्या उशाशी उभा राहून दिगंबर मला मानेने नको नको करत होता. मला राग आला. त्याचा आला, सगळ्या गोडबोल्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा. मी सांगितलं. "डाक्टर म्हणालो, विलाज नाय. थोडेच दिवस आसत."

आबांनी नुसतं "हां" म्हटलं. चीर कुठे आहे ते सापडलं की म्हणत, तेच ते "हां". मग म्हणाले, "जेट काढ. हंयच, माझ्यासमोर." खळ्यात बसून मी जेट साफ केला, बसवला, गाडी चालू केली. ते ऐकत राहिले. "पाव फेरो सोड. अजून थोडो. पुरे." गाडी मंद, एकसारखी चालू लागली. ती बराच वेळ कोणी बंद केली नाही.

शेडमध्ये तीन गाड्या अर्ध्या खोललेल्या पडल्या होत्या. बरं झाल्यावर करू, म्हणून त्या थांबल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या मालकांना निरोप धाडले. एकेक गाडी खळ्यात आली, आबांनी खाटेवरून सांगायचं आणि मालकाने पाना धरायचा. तिसरी गाडी जाग्यावर आली, त्यानंतर दोन दिवसांनी ते गेले.

दिगंबर माझ्याशी बोलत नाही. बाराव्याला मला निरोपही नव्हता. ज्या आठवड्यात त्याच्या बापाने तिन्ही गाड्या बऱ्या केल्या, तो बापाचा शेवटचा आठवडा मी त्याच्याकडून हिरावून घेतला असं तो लोकांना सांगतो. सांगू दे. या वेळी गावी आलो, तर त्याची गाडी परवा बाजारात माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. स्क्रू वाढवलेला होता, मला लगेच कळलं.